बाबांनी दिलेला गोल

मी आइस हॉकीची पंच आहे असं सांगितलं की ऐरोलीतल्या आमच्या ऑफिसात माणसं आधी हसतात. नवी मुंबईत बर्फ? अहो, मॉलमध्ये आहे. फूड कोर्टाला लागून छोटीशी रिंक आहे, बाहेर घामाच्या धारा आणि आत स्वेटर. मुलीला शिकायचं होतं म्हणून मी तिला सोडायला जाऊ लागले. तिने वर्षभरात खेळ सोडला आणि मी मात्र नियम वाचता वाचता तिथेच अडकले. आता दर रविवारी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून शिट्टी वाजवते. नवरा म्हणतो, घरात वाजवतेस ती कमी पडते का! म्हणू दे.

बाबांना यातलं काहीच पटलेलं नव्हतं. ते तळवलीचे, कबड्डीचे पंच, आणि साधेसुधे नव्हेत. गावच्या जत्रेतल्या सामन्यांत त्यांनी हात वर केला की वाद मिटला. पण हल्ली डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते भरल्या ताटावरून उठायचे. गेल्या जत्रेत एक पोरगा मध्यरेषेला बोट टेकवून सुटला होता, त्याला त्यांनी बाद दिलं. पोरं तोंडावर गप्प बसली, मागून हसली. यंदा जत्रा जवळ आली तसा मंडळाचा अध्यक्ष, म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याकडे आला. "ताई, काकांना तूच सांग. या वर्षाला तुमी पंच नको, असा बोल. आमची कोनाची हिंमत नाय."

माझी तरी कुठे होती? पण भर मैदानात कुणी त्यांना हसलं तर ते पुन्हा घराबाहेर पडणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून एका रविवारी त्यांना माझा सामना बघायला आणलं. परतीच्या वाटेवर गाडीत विषय काढू, असा बेत.

बाबा कठड्याला लागून शाल गुंडाळून बसले आणि आल्या आल्या रेषांवर घसरले. "ही निली कशाला? ही लाल कशाला? आखा रांगोलीचा कारभार!" सामना सुरू व्हायच्या आधी मी समजावलं. दोन खांबांमधली ती लाल रेषा गोलची. पक, म्हणजे वडापावातल्या वड्याएवढी काळी रबरी चकती, ही रेषा अख्खीच्या अख्खी ओलांडून गेली पाहिजे. रेषेवर राहिली, निम्मी गेली, तरी गोल नाही.

"आमच्यात बोट लागला तरी पुरं," बाबा म्हणाले. "तुमची रेषा लई मानी दिसते."

सामना बरोबरीत चालला होता. अगदी शेवटी एका धडकेत सगळे गोलरक्षकावर कोसळले, जाळी हादरली. मी बाजूलाच होते. पक रेषेपर्यंत घसरत आली आणि थांबली, मागची कड अजून लाल रंगावर. तेवढ्यात कठड्याकडून बाबांचा तो जुना, मैदानाच्या पार टोकाला पोचणारा आवाज आला. "गोऽऽल! दिला!" त्यांच्या मागून पालक ओरडले, फूड कोर्टातली माणसं ओरडली, डोसा खाणारेसुद्धा. मी दोन्ही हात आडवे पसरले. गोल नाही. लगेच वेळ संपल्याचा भोंगा वाजला.

बाबा उठून उभे. "आंधली झालीस काय गो? आत गेला ना!"

माझे कान तापले. आपल्याच बापाने चारचौघांत असं बोलावं! पण हात खाली घेतले नाहीत.

नंतर ते माझ्याशी बोलेनात. म्हटलं, असंच घरी नेलं तर गाडीतला बेत बोंबलला. रिंक रिकामी झाली तशी त्यांना दंडाला धरून बर्फावर नेलं, थेट गोलपाशी. पक रेषेवर ठेवली, होती तश्शी.

"बघा, इथे होती. आता तुम्हीच सांगा."

ते कमरेत वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग जाळीच्या आत बोट दाखवलं. "हा काय काला! आत हाय का नाय?"

आत गोलरक्षक पोरीची काळी पाण्याची बाटली पडली होती. बाटली जाळीच्या वर ठेवायची पद्धत असते. धडकेत ती खाली येऊन आत घरंगळली होती आणि पोरगी ती तिथेच विसरून गेली होती. मी बाटली उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती चाचपली, हलवून बघितली. पायाशी ठेवलेली पक त्यांना अजूनही दिसली नव्हती.

"मंग मी गोल बाटलीला दिला?"

मला हसू फुटलं. त्यांनाही फुटलं. दोघंही मनसोक्त हसलो. मग ते हसायचे थांबले आणि त्यांनी बाटली माझ्या हातात परत दिली.

गाडीत बसल्यावर त्यांनी माझ्या फोनवरून चुलतभावाला फोन लावायला सांगितला. "या वर्षाला पंच दुसरा बघ. मना नाय दिसत. नाय रे, रागवलो नाय. मी येन ना बघाला, पुढं खुर्ची ठेव." बस, एवढंच बोलले आणि फोन मला परत दिला. तुर्भ्याला ट्रकांच्या मागे आम्ही अडकलो होतो. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की रडू आलं.

"त्यानं तुना धाडलं व्हतं ना मना सांगाला?" बाबा म्हणाले.

"हो."

"मंग बोलली का नाय?"

"हिंमत नाही झाली."

"आखा बाजार वरडत व्हता, तवा माजा गोल नाय दिलास. तवा बरी झाली हिंमत."

"तिथे मी पंच होते, बाबा."

"घरी पन व्हायाचं व्हतं," ते म्हणाले. "नायतं मना दिसत नाय, ही गोष्ट मना लोकांनी हसून सांगितली असती."