पाण्याला कान लावणारा

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेच्या उधन्यातल्या आमच्या मराठी शाळेसमोर रोज सकाळी एक माणूस गल्लीचं पाणी सोडायला सायकलवरून यायचा. खांद्यावर उंच लोखंडी चावी. ती व्हॉल्व्हवर बसवली की तिचं वरचं टोक कानाला लावून तो डोळे मिटायचा. पाइपात पाणी पोचलंय का, हे त्याला तसं कळायचं. नाव मी कधी विचारलं नाही.

‘पाणी कुठून येतं’ हे शोधायला एकदा मी चौथीचा वर्ग त्याच्यासमोर नेला. सोबत माझा बारा प्रश्नांचा कागद होता. त्याने तो पाहिला आणि नीट घडी करून परत दिला.

"कान लावा," तो पोरांना म्हणाला.

रांग लागली. कुणाला वारा ऐकू आला, कुणाला बापाच्या कारखान्यातल्या लूमची खडखड. एका मुलीने चावी सोडलीच नाही. "पन हाई येस कोठून?"

तिची अहिराणी ऐकून तो खुलला. "तुनं गाव कोनतं?"

"प्रकाशा."

"मंग तठूनच येस. तापी तुना गाववरूनच इठे येस. आपन रेल्वेमा उनूत, ती पायी उनी."

सहामाहीत मी विचारलं, सुरतेला पाणी कुठून मिळतं? तिने लिहिलं, ‘आमच्या गावाहून, पायी.’ मी पैकीच्या पैकी गुण दिले.

हेडसरांनी पेपर पुढे धरून खुलासा मागितला. मी म्हटलं, उद्या पाण्याच्या वेळेला या, आणि कान मोकळा ठेवा.