बोअरच्या पाण्यातला साबण

"म्हाताऱ्याचा हात जड झालाय. सोमवारपासून दुसरा माणूस बघा," शेठ दाराआड मॅनेजरना सांगत होते.

म्हातारा म्हणजे गणपतमामा. आमच्या लातूरच्या कारखान्यात लिक्विड साबणाची बॅच तेच घोटायचे. मी तिथली नवी केमिस्ट. लातूर जिल्हाही नुकताच वेगळा झालेला. नव्या कचेऱ्यांसाठी हात धुण्याच्या साबणाची ऑर्डर होती, आणि लागोपाठ दोन बॅच पाण्यासारख्या पातळ उतरल्या होत्या. मामांनी मीठ जास्त टाकलं, असं शेठचं म्हणणं.

या साबणात मीठ लागतंच. सर्फॅक्टंट म्हणजे मळ काढणारा पदार्थ. त्याचे रेणू पाण्यात बारीक गोळे करून राहतात. सोबत घातलेला पॉलिमर म्हणजे रेणूंची लांब साखळी. गोळे तिला मण्यांसारखे चिकटतात आणि पाणी दाट होतं. थोडं मीठ ही जुळणी पक्की करतं. प्रमाण ओलांडलं की साखळी आखडते, दाटपणा जातो.

"मामा, मीठ किती टाकलं?"

"तुमच्या कागदावर हाय तितकंच, बाई. तोलून." मग टाकीकडे बोट करून, "पयल्या दिवशीच बोललो व्हतो, पाणी खारं लागायलंय. तुम्ही काय बोलला न्हाईत."

खरं होतं. टाकी भरली की मामा ओंजळभर पाणी चाखायचे. मी नुसती हसले होते. इंग्रजी शाळेत शिकलेली मी. मराठी वाक्य मनात जुळेपर्यंत समोरचा निघून गेलेला असायचा.

दुष्काळामुळे नळ बंद होते, टाकीत खोल बोअरचं पाणी. माझा फॉर्म्युला मात्र नांदेडच्या लॅबमध्ये, गोदावरीच्या पाण्यावर बसवलेला. पाणी किती ते आम्ही लिहितो. कुठलं ते लिहीत नाही.

मी चहाचे सहा ग्लास मांडले. सगळ्यांत बोअरचं पाणी, माल तोच. मीठ फक्त शून्यापासून कागदावरच्या मापापर्यंत वाढवत नेलं. काचेची कांडी बुडवून उचलली. शेवटच्या ग्लासातून नुसते टपटप थेंब. पहिल्या, बिनमिठाच्या ग्लासातून मधासारखी तार.

मामा वाकून बघत होते. "म्हंजे मीठ पाण्यातच आलंय की!"

तिसरी बॅच आम्ही मीठ न टाकता केली. दाट उतरली. शेठनी बोट बुडवून पाहिलं.

"बघा, मीठ काढल्यावर जमलं की नाही? म्हणजे मामांचा हातच जड होता. सोमवारपासून मामा पॅकिंगला."

मामा फडक्यानं हात पुसत राहिले. या चुकीत माझं नाव कुणीच घेतलं नव्हतं.

"सर," मी म्हणाले, "मामांनी माझा कागद पाळला. चूक कागदात होती. पाणी बदललंय, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं."