तिसऱ्या उमेदवारासाठी सहावी सही

आमच्या मतदारसंघात त्या वेळी तीन उमेदवार होते. एक सत्ताधारी पक्षाचे, एक मोठ्या विरोधी पक्षाची तरुण वकील, आणि तिसरे आमच्या घरी वर्षातून दोनदा पियानो ट्यून करायला येणारे अंकल. मतदारसंघाचं नाव सांगत नाही. सिंगापूर लहान आहे, आणि अंकलना ओळखणारे लोक त्यामानाने बरेच आहेत.

अंकल तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. चिनी, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम एक छोटी टॉर्च. काम करताना ते बोलत नसत. काम झालं की पाणी पीत आणि पाच मिनिटं बसबद्दल बोलत. आमच्या ब्लॉकांवरून, म्हणजे उंच इमारतींच्या वसाहतीवरून, थेट हॉस्पिटलला जाणारी एक बस होती, ती बंद झाली होती. आता एलआरटी नावाच्या छोट्या गाडीने स्टेशनवर जायचं, तिथून एमआरटी, म्हणजे मेट्रो, मग उतरून पुन्हा बस. त्यांच्या बायकोला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे. त्यांनी बसबद्दल पत्रं लिहिली. प्रत्येक पत्राला सभ्य उत्तर आलं. मग ते दोन्ही मोठ्या पक्षांच्या लोकांना भेटले. दोघांनीही मान डोलावली आणि नाव लिहून घेतलं. शेवटी ते एका छोट्या पक्षाच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे एका टायरच्या दुकानाच्या वरची खोली. तिथल्या लोकांनी त्यांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तुम्हीच उभे राहा."

"मी तक्रार करायला गेलो होतो," अंकल मला म्हणाले. "तिकीट घेऊन आलो."

आमच्या घरात नागरिक दोघीच, मी आणि मुलगी. मी सहा वर्षांपूर्वी पासपोर्ट बदलला. नवरा मरीन इंजिनियर, आता जहाजावर जात नाही, किनाऱ्यावरची नोकरी करतो. त्याने भारतीय पासपोर्ट ठेवला आहे आणि तो पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्यावर आहे. का ठेवलास विचारलं की म्हणतो, "घरात एकाने तरी ठेवायला हवा." मुलगी पंधरा वर्षांची, म्हणजे तिला मत नाही, पण मतं भरपूर.

मी पुण्यात असताना एकदाही मतदान केलं नव्हतं. एकदा यादीत नाव नव्हतं आणि एकदा लग्न होतं. इथे मतदान सक्तीचं आहे. त्यामुळे माझ्यात लोकशाहीची जी काही जागृती झाली ती कायद्याने झाली.

इथे उमेदवारी अर्जावर त्याच मतदारसंघातल्या सहा मतदारांच्या सह्या लागतात, आणि अर्ज भरायच्या दिवशी त्या सहाजणांना उमेदवाराबरोबर प्रत्यक्ष हजर राहावं लागतं. अंकलकडे सहाजण होते. ते माझ्याकडे सातवी सही मागायला आले.

"फक्त नावाला," ते म्हणाले. "गरज पडणार नाही. बाकीचे सगळे माझे नातेवाईक आहेत."

मी सही केली. खरं सांगायचं तर नाही कसं म्हणायचं ते सुचलं नाही. ते नुकतेच पियानोखालून बाहेर आले होते आणि त्यांच्या गुडघ्यांना धूळ लागलेली होती.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "अगं, आपण इथे नोकरी करायला आलो."

"तू नोकरी करायला आलास. मी आता इथलीच आहे."

हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले होते. दोघांनाही ते थोडं विचित्र वाटलं. त्याने आमटी वाढून घेतली.

अर्ज भरायचा दिवस कामाचा होता. माझं ऑफिस हार्बरफ्रंटला, म्हणजे घरापासून बेटाच्या दुसऱ्या टोकाला. सव्वादहाला अंकलचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच शांत.

"माझा मेहुणा येत नाही. त्याच्या मुलाला वाटतं की वडिलांनी सही केली तर त्याचं प्रमोशन अडेल."

"अडेल का?"

"मुलगा बेकरीत आहे."

अर्ज बारा वाजेपर्यंत द्यायचा होता. मी साहेबांना सांगितलं की अचानक घरचं काम निघालंय, हाफ डे हवा आहे. त्यांनी काळजीने विचारलं, "कोणी आजारी आहे का?" मी म्हटलं, "अजून तरी नाही." एमआरटी एकदा बदलायची होती. बदलताना मी सरकत्या जिन्यावरून पळत गेले, आणि सिंगापुरात साडी नेसलेली बाई सरकत्या जिन्यावरून पळायला लागली की लोक बाजूला होतात. साडी का, तर त्या दिवशी ऑफिसात एका सहकाऱ्याचा निरोप समारंभ होता.

अर्ज एका शाळेत स्वीकारत होते. मी पोचले तेव्हा अकरा चाळीस झाले होते. फाटकावर मोठ्या पक्षांचे समर्थक झेंडे घेऊन घोषणा देत होते. आमच्या बाजूला अंकलची बायको चाकाच्या खुर्चीत बसली होती आणि तिच्या मांडीवर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी होती. घोषणा द्यायला कोणी नव्हतं. तिने माझ्याकडे पाहून हात वर केला, तेवढंच.

आत टेबलावरच्या अधिकाऱ्याने सहाजणांची ओळखपत्रं तपासली. माझं कार्ड जरा जास्त वेळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि माझं नाव संपूर्ण, मधलं नाव धरून, जवळजवळ बरोबर वाचलं. मी "हजर" म्हणाले. मराठीत. त्याने मान हलवली. अकरा बावन्नला अर्ज स्वीकारला गेला. अंकलनी रुमालाने टॉर्च पुसली. ती पुसायची काही गरज नव्हती.

त्यानंतर प्रचाराचे नऊ दिवस. मी ऑफिसातून आले की आम्ही दारं वाजवत फिरायचो. पक्षाकडून दोन मुली यायच्या, पण त्यांना आणखीही मतदारसंघ होते. त्यामुळे बहुतेकदा अंकल आणि मी दोघंच. घरात पत्रकांचे दोन खोके येऊन पडले होते. परदेशी माणसाने प्रचारात भाग घ्यायचा नसतो, म्हणून नवऱ्याने खोक्यांना हात लावला नाही. झाडताना तो त्यांच्या भोवतीने केर काढायचा. एकदा विचारलं, "तुम्ही येताना मी लिफ्टचं दार धरलं तर तो प्रचार होतो का?" तो खरंच विचारत होता. दुसऱ्या दिवसापासून तो जिन्याने जाऊ लागला.

मुलीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आई, माझ्या फ्रेंड्सच्या ब्लॉकमध्ये जाऊ नको. सो पैसेह लाह." पैसेह म्हणजे लाजिरवाणं. तिच्या मैत्रिणींचे ब्लॉक सोडले असते तर तीन ब्लॉक आणि एक बसस्टॉप उरला असता.

अडचण वेगळीच होती. लोक अंकलना ओळखत, पण उमेदवार म्हणून नाही. दार उघडलं की चेहरा खुलायचा. "अरे, ट्यूनर! बरं झालं आलात. ती खालची की अडकते आहे." अंकल बूट काढून आत जात. मी पत्रकं घेऊन दारात उभी. वीस मिनिटांनी ते बाहेर येत.

"अंकल, मतदानाबद्दल बोललात का?"

"त्यांना घाई होती. मुलाची परीक्षा आहे."

चौथ्या दिवशी मी त्यांना हत्यारांची पिशवी घरी ठेवायला लावली. त्या दिवशी त्यांनी एका घरात टॉर्च आणि माझी केसांची पिन वापरून काम केलं.

भारतीय घरं माझ्याकडे होती. त्यातल्या बहुतेकांना मत नव्हतं. तेच सगळ्यात सविस्तर बोलत. पुण्याच्या एका इंजिनियरने मला दारातच अर्धा तास समजावलं की तिसऱ्या उमेदवाराने विरोधी मतं फुटतात आणि तुम्ही नकळत सत्ताधाऱ्यांचं काम करताय. मुद्दा चुकीचा नव्हता. शेवटी मी विचारलं, "मग तुम्ही कोणाला देणार?"

"मी? मी नुसत्या वर्क पासवर आहे हो. चहा घेणार का?"

हाच मुद्दा आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही आला, अधिक कडक शब्दांत. मी तो अंकलसमोर ठेवला. आम्ही एका ब्लॉकखाली दगडी बाकावर बसलो होतो.

"ती वकील मुलगी चांगली आहे," ते म्हणाले. "पण मी तिला बसबद्दल तीन वेळा विचारलं. ती म्हणाली, आधी आम्हाला निवडून द्या. ते दुसरे म्हणाले, आम्हाला पुन्हा निवडून द्या. मी म्हटलं, आधी बस. तर ते दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच राजकारण करतोय."

मला त्याहून चांगलं उत्तर हवं होतं. ते मिळालं नाही, आणि तरीही मी उठून पुढच्या ब्लॉकला गेले.

या सगळ्यात एकच गोष्ट माझ्या मनाला लागली. आमच्या मजल्यावर एक मलय बाई राहतात. मलय भाषेत काकूंना मकचिक म्हणतात, मीही त्यांना तेच म्हणते. आम्ही या ब्लॉकमध्ये आलो तेव्हा नवरा जहाजावर होता आणि मुलगी दोन वर्षांची. तिला ताप आला की मकचिक यायच्या. त्या सत्ताधारी पक्षाच्या जुन्या स्वयंसेविका. माझ्या हातात अंकलची पत्रकं पाहिली त्या दिवसापासून त्यांचं बोलणं थांबलं. लिफ्टमध्ये आम्ही दोघी आपापली पत्रकं छातीशी धरून मजल्यांचे आकडे बघत उभ्या राहायचो. बारा मजले. ईदला त्यांनी दिलेला डबा परत द्यायचा राहिला होता. तो मी धुऊन ठेवला होता, पण द्यायला जायचं धाडस झालं नाही.

मतदानाच्या दिवशी मी सकाळी आठला रांगेत होते. नवरा मुलीला घेऊन नाश्त्याला हॉकर सेंटरला गेला. रात्री निकाल लागला. सत्ताधारी उमेदवार जिंकले. वकील मुलगी थोडक्यात हरली. अंकल तिसरे आले, डिपॉझिट गेलं. पण ती जेवढ्या मतांनी हरली त्याहून अंकलना मिळालेली मतं जास्त होती.

मराठी ग्रुपवर एकाने नुसते हात जोडल्याचं चित्र टाकलं. ते कोणासाठी होतं हे लिहायची गरज नव्हती. पुण्याच्या इंजिनियरचा वेगळा मेसेज आला: "मी म्हटलं होतं." मला वाईट वाटलं, आणि आपल्याला नक्की कशाचं वाईट वाटतंय हे ठरवता येत नव्हतं. अंकल हरले याचं, ती मुलगी हरली याचं, की इंजिनियर बरोबर होता याचं. तिसरं जास्त असावं.

अंकल दुसऱ्या दिवशी त्या मुलीला भेटायला गेले, मलाही घेऊन गेले. ती तिच्या पक्षाच्या ऑफिसात खुर्च्या एकात एक घालून ठेवत होती. अंकल म्हणाले, "माझ्यामुळे तुझं नुकसान झालं असेल तर मला वाईट वाटतं. पण मला मत देणाऱ्यांना मी वाईट म्हणणार नाही."

तिने हातातली खुर्ची खाली ठेवली. डोळे लाल होते. "अंकल, ती मतं माझी होती असं मला काल वाटत होतं," ती म्हणाली. "आज तितकं खात्रीने वाटत नाही." मग तिने विचारलं, "कोणती बस?" आणि या वेळी लिहून घेतलं नाही, नुसतं ऐकलं. अंकलनी पाऊण तास सांगितलं. मी उरलेल्या खुर्च्या आवरल्या.

काही महिन्यांनी शेजारच्या रस्त्यावरून हॉस्पिटलला जाणारी एक बस सुरू झाली. तीच नाही, पण जाते. ती आपल्यामुळे सुरू झाली असं दोन्ही पक्ष म्हणाले. अंकल बायकोला घेऊन त्या बसने जातात आणि कोणाशी वाद घालत नाहीत. ती उशिरा येते एवढंच म्हणतात.

निवडणुकीनंतर उमेदवाराने आपले फलक स्वतः काढायचे असतात. निकालानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी मी आणि अंकल शिडी घेऊन निघालो. दिव्याच्या खांबांना प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेले फलक, आणि आमची पक्कड बोथट. तिसऱ्या खांबाशी आम्ही झगडत होतो तेव्हा पुढच्या खांबावर मकचिक त्यांच्या पक्षाचे फलक काढत होत्या. थोडा वेळ त्यांनी आमच्याकडे पाहिलं. मग आल्या आणि आपली पक्कड माझ्या हातात दिली.

"तू त्याच्यासाठी काम केलंस याचा राग नाही," त्या म्हणाल्या. "राग याचा की मला ते लिफ्टमध्ये कळलं. मुलीचा ताप तू मला आधी सांगायचीस."

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"हूं." त्यांनी शिडीचा पाय धरला. "आणि थँक यू हं. तुम्ही दोघं नसता तर आम्ही पडलो असतो."

त्या चेष्टा करत होत्या का, ते मला आजही माहीत नाही. अंकलनी शिडीवरून अगदी मनापासून "वेलकम" म्हटलं. दुपारपर्यंत आम्ही तिघांनी दोन्ही पक्षांचे फलक उतरवले, आणि मकचिकनी घरी नेऊन आम्हाला नासी लेमाक खाऊ घातला. मी डबा परत केला. त्यांनी तो भरून दिला.

पुढच्या वेळी उभं राहणार नाही असं अंकलनी पक्षाला कळवलं आहे. गेल्या महिन्यात टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीतून मला फोन आला. त्यांना आमच्या भागात उभं राहायला कोणीतरी हवं आहे, निदान विचार करा म्हणाले. नवरा समोरच बसला होता, त्याने वर्तमानपत्र खाली केलं. मी फोनवर म्हटलं, "विचार करून सांगते." आमच्याकडे याचा अर्थ 'नाही' असा होतो. पण ते लोक मराठी नाहीत, त्यामुळे ते वाट बघत आहेत.