रिसोडच्या एस.टी.त चौथा महिना

पुण्याहून निघाले तीच मुळी रुसून. पोटाचं ऑपरेशन झालं होतं. कॅन्सर, तोही चांगला पसरलेला. जठराचा मोठा भाग काढला आणि वर दर महिन्याला इंजेक्शनांचा फेरा लावून दिला. चार झाले. पाचवा घेणार नाही, असं मी ह्यांना ठणकावून सांगितलं, "मला रिसोडला ताईकडे न्या, चार घास सुखानं खाऊ द्या." बिचारे पिशव्या भरायला लागले.

अकोल्याला रेल्वेतून उतरून एस.टी. धरली. दुष्काळ सरला होता. दुतर्फा कापूस फुटलेला, मधे तुरीचे पट्टे. पातूरचा घाट लागला आणि माझं उरलंसुरलं पोट ढवळलं! एका हातानं टाक्यांची जागा सांभाळत खिडकीबाहेर डोकं काढलं. व्हायचं ते झालं.

शेजारच्या लुगडंवाल्या बाईनं पाठीवरून हात फिरवला. "कितवा व्हय, बाई?"

पुण्यात जो तो हेच विचारायचा. सवयीनं म्हणाले, "चौथा झाला."

"तरीच पोटाले हात लावून बसल्या! ओ भाऊ, उठा न, बाईले पुढं बसू द्या. चौथा म्हयना हाये तिले!"

ह्यांना जो ठसका लागला! पंचेचाळिशीची मी, केस पांढरे. पण अख्खी एस.टी. हसऱ्या तोंडानं माझ्याकडे बघत होती. घरी सगळे कुजबुजत, डोळे चुकवत. इतक्या महिन्यांत मला बघून कोणाला आनंद झाला नव्हता. खोटं सांगू कशाला, मला फार बरं वाटलं. मी गप्प बसले.

वाशीमकडच्या मालेगावला ती उतरली. जाता जाता माझ्या पदरात दोन संत्री घातली. "मले तर सातव्यापर्यंत उलट्या झाल्या. काहून कटाळता? मदी थोडंच सोडता येते!"

रिसोडला ताईनं आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर केली. दर दोन तासांनी घास घास खाल्लं. बरंचसं पोटात राहिलं. बसमधली गंमत सांगितली तर ताई हसता हसता रडायला लागली. मग मीही रडले. आठवडाभर आम्ही दोघी हेच करत होतो.

परतीच्या एस.टी.त ह्यांनी घाबरत विचारलं, "मग, सोमवारच्या पाचव्याचं काय करायचं?"

"जायचं," मी म्हटलं.

त्या बाईला वाटलं, माझ्या पोटी जीव आहे. होताच की, माझाच होता. आणि तो मला हवा होता.