गोदामातल्या खडूच्या खुणा

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका ठोक दुकानात सत्तावीस वर्षं गोदाम सांभाळत होते. गोदामात नऊ हजार प्रकारचा माल आणि यादी एकही नाही. कुठे काय आहे असं विचारलं, की दाजी कपाळावर बोट टेकवत. "सगळं इथे आहे." हे ऐकून मालक भारावून जात. यादी करायचे कष्ट वाचले की कुणीही भारावतो.

मांडणीही खास होती. ब्रेक पॅड जिन्याखाली, कारण ते पहिल्यांदा आले तेव्हा दुसरीकडे जागा नव्हती. ऑइल फिल्टर तीन ठिकाणी, कारण ते तीनदा आले होते.

मग मालकांच्या सूनबाई कारभारात आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "ऑइल फिल्टर किती आहेत?"

"भरपूर."

"भरपूर म्हणजे किती?"

"संपेपर्यंत पुरतील एवढे."

हे बाणेदार उत्तर दाजींनी घरी आम्हाला चार वेळा ऐकवलं. ताई चारही वेळा "हो का" म्हणाली.

पुढच्याच महिन्यात दाजी शिडीवरून घसरले आणि घोटा मोडला. दीड महिना प्लास्टर. दुसऱ्या दिवसापासून गोदामातून फोनवर फोन येऊ लागले आणि दाजींचा चेहरा असा खुलला, की हाड मोडलंय की बढती मिळालीय, कळेना. "पूर्वी पंखा होता ना, त्याच्या खालचं कपाट," ते सांगत. पलीकडच्यांनी तो पंखा जन्मात पाहिला नव्हता.

चौथ्या दिवशी सूनबाईंनी गाडी पाठवली. मीच दाजींना धरून नेलं. गोदामाच्या मधोमध खुर्ची, स्टुलावर प्लास्टरचा पाय, हातात कुबडी. सूनबाई वही उघडून उभ्या.

दाजींनी कुबडी रोखली. "ते खोकं. फॅनबेल्ट."

खोकं उघडलं. आत सायलेन्सरचे क्लॅम्प.

"कुणीतरी हलवलंय. त्याच्या वरचं बघा."

वरच्यात आरसे निघाले. सगळे डाव्या बाजूचे, आणि ते ज्या गाडीचे, ती बनायची बंद होऊन अकरा वर्षं झालेली.

"मागणी येईल," दाजी म्हणाले, पण आवाज पडला होता.

तिसरं खोकंही चुकलं. तेवढ्यात पॅकिंग करणाऱ्या बाई मागच्या रांगेत गेल्या आणि फॅनबेल्टचं खोकं आणून त्यांनी दाजींसमोर ठेवलं.

"तुम्हाला कसं माहीत?" सूनबाईंनी विचारलं.

बाई घुटमळल्या. मग त्यांनी कपाटाची बाजू दाखवली. तिथे खडूने गोल काढला होता. बेल्टला गोल, फिल्टरला उभ्या रेघा, क्लचप्लेटला चौकोन. एकूण एक कपाटावर काही ना काही खूण.

"दोन वर्षं झाली," बाई हळूच म्हणाल्या. "साहेबांना हल्ली आठवत नाही. ते एक कपाट सांगतात, मी दुसऱ्यातून आणते. माल मिळाला की त्यांचं समाधान. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही."

दाजी खुर्चीच्या हातावरची धूळ पुसत बसले. घरी आल्यावर ताईला म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

"चष्मा कुठे ठेवलाय, हे रोज मला विचारता," ताई म्हणाली. "मला काय वाटत असेल?"

मग बाईंच्या खुणांवरून अकरा दिवस मोजदाद चालली. प्रत्येक कपाटाला नंबर पडला. मालकांनी गावभर सांगितलं, की ही योजना फार दिवसांपासून त्यांच्या डोक्यात होती. बाई गोदामप्रमुख झाल्या. दाजींनी राजीनामा लिहिला.

तो घेऊन सूनबाई घरी आल्या. "हा राहू द्या. तुटका तुकडा बघून कुठल्या गाडीचा ते सांगणारं दुसरं कुणी नाही आमच्याकडे."

दाजींनी थोडा वेळ छताकडे बघितलं. मान राखायला तेवढं पुरलं.

आता ते काउंटरवर बसतात. मेकॅनिक तेलकट फडक्यातून तुटका तुकडा आणतो, दाजी एका नजरेत ओळखतात आणि चिठ्ठी लिहून आत पाठवतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी 'नेहमीच्या जागेवरचं बेअरिंग' असं लिहिलं. चिठ्ठी तशीच परत आली.

"नंबर लिहा, साहेब," आतून बाईंचा आवाज.

दाजींनी पुटपुटत नंबर लिहिला. मिनिटभरात बेअरिंग काउंटरवर. मेकॅनिक चकित झाला.

"आमच्याकडे पद्धतच आहे तशी," दाजी म्हणाले.