शांतताबाईंचा तिसरा अर्ज

तिसऱ्या मजल्यावरच्या ग्रंथालयवाल्या बाईंना अख्खी इमारत मागून 'शांतताबाई' म्हणते. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीशी बावीस वर्षं उभं राहून त्यांचा आवाज इतका खाली गेलाय, की भाजीवाल्याला भावसुद्धा गुपित सांगितल्यासारखा विचारतात. आणि अशा या बाईंनी पंचेचाळिशीत डोक्यात घेतलं काय, तर ग्रंथालयशास्त्रात पीएच.डी. करायची!

घेतलं तर घेतलं. पण कशावर संशोधन करणार आणि कसं करणार, याचं लेखी प्रपोजल आधी द्यावं लागतं. ते विद्यापीठाने ओळीने दोन वर्षं परत पाठवलं. नियम तीन संधींचा. तिसऱ्यांदा नकार आला, की दार कायमचं बंद.

चूक बाईंचीच होती, पण ती कशी बघा. दुसरं कुणी लिहायला बसलं, तर आधी मनातलं लिहील. बाईंचा हात मात्र सवयीने आधी संदर्भसूचीकडे गेला. सोळा पानांचं प्रपोजल, त्यात बारा पानं नुसती पुस्तकांची यादी! वर्णानुक्रमे, एकेक स्वल्पविराम जागच्या जागी, दृष्ट काढावी अशी. उरलेल्या चार पानांत हे तज्ज्ञ काय म्हणाले आणि ते तज्ज्ञ काय म्हणाले.

तिसऱ्या खेपेला मात्र बाई जरा शहाण्या झाल्या. अर्ज भरण्याआधी मसुदा घेऊन विद्यापीठातल्या मार्गदर्शक मॅडमकडे गेल्या. मॅडम वयाने दहा वर्षांनी लहान, जिभेने तिखट.

"यादी सुरेख आहे हो," मॅडम पानं उलटत म्हणाल्या. "पण तुम्ही कुठे आहात यात?"

"मी?" बाई गोंधळल्या. "शेवटी सही केलीय की."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्हाला काय शोधायचंय? एका वाक्यात सांगा."

बाईंचा हात पुन्हा यादीच्या पानांकडे गेला.

"मुदतीला आठ दिवस आहेत. प्रश्न घेऊन या. यादी घरी ठेवा."

मग घरी रोज तेच. बाई जेवणाच्या टेबलाशी कोरा कागद घेऊन बसायच्या आणि कोराच घेऊन उठायच्या. यजमान दंतवैद्यांना कवळ्या बनवून देतात. माणूस थट्टेखोर. "लोकांचे बत्तीस दात मी दोन दिवसांत बसवतो," ते म्हणाले, "तुझं एक वाक्य बसेना होय?" बाईंनी असं पाहिलं, की त्यांनी पुढचा चहा स्वतःच केला.

चौथ्या दिवशी यजमानांना कवळ्या पाठवायला रिकामं खोकं हवं होतं. कपाटामागून त्यांनी बुटांचं एक खोकं ओढलं, तर त्यात काठोकाठ चिठ्ठ्या, कपटे.

"अगं, हा काय कचरा? बसचं तिकीट, मागे लिहिलंय पान बासष्ट. ही गोळ्यांची रिकामी पट्टी, पान अठ्ठावन्न. करणी-बिरणी करतेस की काय?"

"अहो, ठेवा ते खाली! परत आलेल्या पुस्तकांत खुणेला घातलेलं सापडतं. टाकूनच द्यायचं असतं. पण त्याआधी मी पान आणि पुस्तकाचं नाव लिहून ठेवते."

"कशाला?"

"माणूस तिथे थांबलेला असतो ना. रांगेत उभा राहून, हौसेने नेलेलं पुस्तक साठाव्या पानाशी का सोडतो? मला फार वर्षं वाटतंय, हे कळायला हवं."

यजमानांनी तिकीट बाईंपुढे नाचवलं. "मग चार दिवस कोरा कागद काय घेऊन बसलीयस? हाच की तुझा प्रश्न!"

"काहीतरीच. यावर धड चार संदर्भसुद्धा मिळायचे नाहीत."

"अगं, कुणी शोधलेलं नाही, म्हणूनच तर तू शोधायचंस ना?"

बाईंनी कोरा कागद पुढे ओढला आणि त्या लिहायला बसल्या. तीन दिवसांत पाच पानं झाली. संदर्भ निघाले फक्त सात. एवढीशी यादी घेऊन विद्यापीठात जाताना त्यांना चपला विसरून बाहेर पडल्यासारखं होत होतं.

मॅडमनी पाचही पानं वाचली आणि पेन्सिल टेकवली. "खूण आत राहिली म्हणजे पुस्तक सोडलंच, हे कशावरून? विसरलाही असेल."

"असेल ना. म्हणून त्याच वाचकाने ते पुस्तक पुन्हा नेलं का, हे नोंदींवरून तपासणार. शिवाय शंभर जणांना समोर बसवून विचारणार."

"हे लिहिलंय का यात?"

"नाही."

"मग लिहा की! तेवढं घाला आणि आजच्या आज पाठवा."

पुढचे सहा आठवडे बाई तासातासाला फोन उघडून बघत होत्या. यजमान तेवढे त्या नजरेतून सुटले, कारण त्यांच्या थट्टेकडे लक्ष द्यायलाही बाईंना सवड नव्हती.

निकाल आला तो ऐन गर्दीच्या वेळी, सकाळी अकराला. खिडकीपुढे नऊ माणसं उभी. फोन थरथरला. बाईंनी एका हाताने शिक्का मारता मारता वाचलं: प्रपोजल मंजूर, नोंदणीसाठी सोमवारी यावे. पुन्हा वाचलं. सोमवारीच यावे.

आणि रांग उभी असताना कधीही न टेकणाऱ्या त्या बाई मागच्या खुर्चीत धपकन बसल्या.

"बाई, बरं वाटत नाहीये का?" रांगेतल्या पहिल्या आजोबांनी काळजीने विचारलं.

"खूप बरं वाटतंय, आजोबा," बाईंनी डोळे पुसले. "दोन मिनिटं थांबा हं. मी जरा बसते."