टाचेवरचा तीळ आणि ओव्हनबाई

ओव्हनबाईंना सुईची इतकी भीती वाटायची, की कॉलेजात रक्तदान शिबिर असलं की त्या हमखास रजेवर. वर दुसऱ्या दिवशी आम्हालाच विचारायच्या, "काहून वं, दिलं की नाही रक्त? तुम्ही पोरं देणार नाही तर कोण देणार?" आणि ही बाई जन्मभर खपली कशासाठी, तर त्वचेचा कॅन्सर न कापता, न टोचता कसा ओळखायचा त्यासाठी. लोक म्हणायचे, केवढी समाजसेवा! मी म्हणायचे, डोंबलाची समाजसेवा. बाईंना स्वतःला टोचून घ्यायचं नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

ओव्हनबाई हे नाव त्यांना नंदनवन भागातल्या त्यांच्या गल्लीनं दिलेलं. नागपूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात त्या इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या, आणि मी आणि गजू त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होतो. 'बाई मायक्रोवेव्हवर काहीतरी करतात' एवढंच शेजाऱ्यांच्या कानावर गेलं, आणि मग रविवार उजाडला की कुणीतरी बंद पडलेला ओव्हन पोटाशी धरून दारात उभं. बाई आधी भडकायच्या. "अहो, मी मेकॅनिक आहे का? मी माणसाचं कातडं तपासते!" मग पदर खोचून ओव्हन उघडायच्याच. दुरुस्ती झाली की त्या माणसाला चहा द्यायच्या आणि तो पीत असताना त्याचे हातपाय उलटेपालटे करून तीळ न्याहाळायच्या. बिचारा ओव्हन घेऊन जो पळत सुटायचा!

आमचं यंत्र म्हणजे जाड पेनाएवढी एक कांडी, तिला केबल आणि केबलच्या टोकाला कॉम्प्युटर. कांडी कातडीला नुसती टेकवायची. तिच्यातून अगदी क्षीण मायक्रोवेव्ह लहरी आत जातात आणि काही परत फिरतात. कॅन्सरच्या गाठीत पाण्याचं प्रमाण सहसा जास्त असतं, म्हणून तिथून परतणाऱ्या लहरी निराळ्या असतात आणि कॉम्प्युटरवरचा आकडा चढतो. बाई हे सगळं संत्र्यावर समजवायच्या. नरखेडकडच्या त्यांच्या भावाच्या बागेतून पेटी आली, की फळाला कांडी लावून न सोलता सांगायच्या, "हे रसाचं. हे कोरडं." कोरडं निघालं की ते गजूनं खायचं, असा त्यांचाच नियम. एकदा त्यांनी कोरडं ठरवलेलं संत्रं सोलल्यावर गजूच्या शर्टावर रसाची चिळकांडी उडाली. बाई जराही हलल्या नाहीत. म्हणाल्या, "यंत्र बरोबर आहे गा. संत्रंच खोटं बोलून राहिलं."

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी यंत्र ठीक आहे ना हे पाहावं लागे. त्यासाठी ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं काहीतरी हवं. दुसऱ्या कुणी रीतसर नमुना ठेवला असता. बाईंनी ठेवली स्वतःची डावी टाच. तिथे त्यांचा जन्मापासूनचा तीळ होता. "खात्रीचा माल आहे," त्या म्हणायच्या. चप्पल काढून स्टुलावर पाय ठेवायच्या, आणि मी खाली बसून तिळाला कांडी लावायची. एकदा प्राचार्य नेमके तेव्हाच दारात आले. मी बाईंच्या पायाशी मान खाली घालून बसलेली. "गुरुपौर्णिमा होऊन गेली ना?" ते म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्या डिपार्टमेंटले रोज असते, सर."

एका उन्हाळ्यात मात्र टाचेचे आकडे हळूहळू चढायला लागले. बाईंनी केबल बदलली. कूलरची हवा लागते म्हणून टेबल हलवलं. घामानं गडबड होते म्हणून पाय धुऊन, पुसून, पंख्याखाली वाळवून झाले. मग माझा हात थरथरतो म्हणून मला बोलणी. "मशीन बिघडून राहिलं आन् तुम्ही दोघं दात काढून राहिले!" आम्हीही यंत्राच्याच मागे लागलो, कारण टाच म्हणजे आमची मोजपट्टी. मोजपट्टीवर कोण संशय घेतो?

गजू टवाळक्या करण्यात पटाईत. त्यानं गंमत म्हणून रोज आपल्या मानेवरचा आणि माझ्या दंडावरचा तीळ तपासायला सुरुवात केली. आकडे जागचे हलेनात. एका सकाळी हसतहसत म्हणाला, "मॅडम, मशीन माझ्यावर बरोबर चालते, हिच्यावर बरोबर चालते. फक्त तुमच्यावरच..." आणि तिथेच त्याचं हसू थांबलं. मी वाकून टाच पाहिली. तिळाची कड एका बाजूनं पसरली होती, ओल्या कागदावर शाई पसरते तशी. इतके दिवस आम्ही त्याला कांडी लावत होतो, पण नीट बघितलं कुणीच नव्हतं. 

बाईंनी चप्पल घातली. "मशीनच खराब आहे," म्हणाल्या आणि वर्गावर निघून गेल्या. डॉक्टरकडे जायचं म्हणजे आधी सुई, मग तुकडा काढणं. त्या जाईनात. मी समजावलं, चिडले, भांडले, त्यांच्या भावाला फोन करायची धमकी दिली. काही उपयोग नाही! शेवटी गजूनं डाव टाकला. "मॅडम, तुकडा तपासल्याशिवाय आपली मशीन खरी की खोटी, कसं कळेल? जाऊ द्या, फेकून देऊ." बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता याची पीएचडी गेली. दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीची साडी नेसून, यंत्र माझ्या हाती देऊन दवाखान्यात निघाल्या.

डॉक्टर इंजेक्शन भरत होते तर बाई म्हणाल्या, "थांबा हो. आधी माझी पोरगी रीडिंग घेईल." घ्यावंच लागलं. मग सुई टोचली, तेव्हा त्यांनी माझं मनगट असं आवळलं की नखांच्या खुणा उमटल्या, आणि तोंडानं मात्र केबलच्या जोडाबद्दल बोलत राहिल्या.

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, पण सुरुवातीचा. बाईंचा पहिला प्रश्न, "म्हणजे मशीन बरोबर निघालं ना?" मी हो म्हणाले. "मंग! म्हणत होती ना मी!" कुठे म्हणत होत्या? रोज त्याला भंगार म्हणत होत्या! दवाखान्यातून परतताना वाटेत थांबून त्यांनी संत्रा बर्फी घेतली, सगळ्या डिपार्टमेंटला वाटायला. ऑटोत मांडीवर खोका घेऊन बसल्या आणि चौक ओलांडल्यावर एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, "मले लय भेव वाटून राहिलं वं." मला रडूच फुटलं. तर लगेच आवाज चढला, "तू काहून रडून राहिली? रीडिंग माझं आहे."

ऑपरेशन झालं. टाचेचा चांगलाच भाग गेला. त्यानंतर बाई लंगडत चालायच्या, पण आमच्यावर ओरडत पूर्वीसारख्याच. निवृत्त झाल्या, भावाच्या बागेत राहायला गेल्या, आणि तिथे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला पाय दाखवायला लावायच्या. "चेहरा तर आरशात दिसते. तळवा कोण पाहते?"

परवाच्या हिवाळ्यात त्या गेल्या. सकाळी चहा घेता घेता हृदय थांबलं. भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी हळहळत म्हणालं, "शेवटी कॅन्सरनं गाठलंच म्हणायचं." मी तिथेच तडकले. दुःखाचं घर, लोक बघत होते, बघू देत. कॅन्सरनं नाही गेल्या हो बाई. त्याला त्यांनी केव्हाच मागे टाकलं होतं, लंगडत लंगडत.